दिल्लीची बंदी आणि नागपूरचा भाव

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहाव्या वर्षाच्या आसपास पोचलेली डिझेल गाडी विकायला काढली की नागपुरात सध्या एकच वाक्य कानावर पडते : ‘दिल्लीत बंद झाली, इथेही होणारच आहे, मिळेल त्यात देऊन टाका.’ या एका वाक्यावर सौद्यातली मोठी रक्कम कापली जाते. पुढे तीच गाडी पॉलिश मारून गोंदिया, गडचिरोली किंवा चंद्रपूरच्या गिऱ्हाइकासमोर उभी राहते, तेव्हा वाक्य बदलते : ‘आपल्या महाराष्ट्रात पंधरा वर्षे कोणी विचारत नाही.’ गाडी घेताना दलाल दिल्लीचा असतो, विकताना नागपूरचा. यांतले दुसरे वाक्य कायद्याच्या जास्त जवळ आहे, पण तेही अर्धेच खरे. जुन्या डिझेलचा भाव ठरवताना वयापेक्षा आरसीवरचा बीएसचा (भारत स्टेज या उत्सर्जन मानकाचा) आकडा आणि धूर गाळणाऱ्या यंत्रणेची अवस्था आधी पाहायला हवी. विकणारा आणि घेणारा दोघेही नेमके तेच पाहत नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी दिल्लीत नेमके काय झाले ते पाहू. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना इंधनच द्यायचे नाही असा प्रयोग सुरू झाला आणि लोकांच्या रोषामुळे काही दिवसांत थांबला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. बीएस-३ आणि त्याखालच्या जुन्या गाड्यांवर कारवाईची वाट मोकळी झाली. म्हणजे ज्या दिल्लीचा धाक दाखवून इथे भाव पाडला जातो, त्या दिल्लीतही आता दहा वर्षांची रेघ बाजूला पडून बीएसची रेघ पुढे आली आहे. हिवाळ्यात हवा बिघडली की तिथे बीएस-४ डिझेलही काही दिवस रस्त्यावरून हटवतात, पण तो तात्पुरता उपाय आहे आणि त्याच क्षेत्रापुरता.

महाराष्ट्रात यातले काहीही लागू नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि तपासणीत पास झाली तर पुढे पाच-पाच वर्षांनी वाढते. डिझेल असो की पेट्रोल, नियम तोच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या हवेवरील सुनावणीत उच्च न्यायालयाने मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने काढता येतील का हे तपासायला सांगितले आणि सरकारने समिती नेमली. ती बातमी इथल्या बाजारात ‘महाराष्ट्रातही बंदी’ अशी फिरली. समितीचा विषय मुंबई होता आणि तिचे काम अभ्यासाचे होते. नागपूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, हवेची ठरवलेली पातळी न गाठलेल्या शहरांपैकी एक आहे हे खरे. त्यामुळे पुढे कधीतरी इथे निर्बंध येणारच नाहीत अशी हमी आम्ही देत नाही. पण आज नसलेल्या नियमाची किंमत आज मोजायची नसते. शिवाय निर्बंध आलेच तर ते कोणावर आधी येतील, हे दिल्लीच्या डिसेंबरच्या आदेशाने दाखवून दिले आहे.

नागपूरकरांनी जपून पाहावे असे काही असेल तर ते इथेच आहे. बीएस-४ हे मानक देशभर एकाच दिवशी आले नाही. एप्रिल २०१० मध्ये ते दिल्ली परिसर आणि निवडक मोठ्या शहरांत लागू झाले. महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, नागपूर नव्हते. बाकी देशात त्या वर्षी बीएस-३ आले आणि बीएस-४ सर्वत्र सक्तीचे झाले ते १ एप्रिल २०१७ पासून. म्हणून २०१० ते मार्च २०१७ या काळात एमएच ३१, ४० किंवा ४९ वर पासिंग झालेली डिझेल गाडी बीएस-३ असू शकते किंवा बीएस-४ असू शकते. काही कंपन्या आधीच सगळीकडे बीएस-४ पाठवत होत्या, काही दोन्ही आवृत्त्या बनवत होत्या. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील, एक पुण्याहून आलेली आणि एक नागपुरात घेतलेली, तर त्यांचा बीएस वेगळा निघू शकतो. इंजिन तेच, रंग तोच, भावही आजवर तोच. यापुढे तो तोच राहू नये असे आमचे मत आहे.

बीएस पाहायचा कसा? स्मार्ट कार्डवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावरील तपशिलात उत्सर्जन मानकाचा रकाना असतो. त्यात भारत स्टेज ३ किंवा ४ असे लिहिलेले असते. अडचण अशी की जुन्या कागदी नोंदी संगणकात चढवताना हा रकाना अनेकदा रिकामा राहिला आणि तिथे ‘उपलब्ध नाही’ असे दिसते. तसे दिसले तर मूळ कागदांच्या फाइलमध्ये फॉर्म २२ शोधा. गाडी कोणत्या उत्सर्जन मानकात बसते याचे निर्मात्याचे प्रमाणपत्र तेच. तोही हरवला असेल तर पीयूसीच्या कागदावर नजर टाका. डिझेलसाठी त्यावर धुराची कमाल मर्यादा छापलेली असते. बीएस-४ साठी ती १.६२ प्रति मीटर आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५. पीयूसीची मुदतही खूण सांगते : बीएस-४ ला वर्षभराचे प्रमाणपत्र मिळते, बीएस-३ ला सहा महिन्यांचे. मात्र पीयूसीवाल्याने चुकीचा पर्याय निवडला असेल तर हा कागद फसवतो, म्हणून अखेरचा शब्द आरसी आणि फॉर्म २२ चाच. रकाना रिकामा असेल तर गाडी विकायला काढण्याआधी आरटीओत अर्ज देऊन तो भरून घ्या. ज्या गाडीचा बीएस सिद्ध करता येत नाही, तिला गिऱ्हाईक बीएस-३ धरूनच भाव देणार.

उत्पादनाचा महिना आणि नोंदणीची तारीख यांतही गल्लत होते. पंधरा वर्षे मोजली जातात ती पहिल्या नोंदणीपासून. डिसेंबर २०११ मध्ये बनलेली आणि जून २०१२ मध्ये पासिंग झालेली गाडी जून २०२७ पर्यंत चालते. आरसीवर मुदत संपण्याची तारीख स्पष्ट असते. ‘२०११ मॉडेल’ म्हणून भाव पाडणाऱ्याला ती दाखवा.

आता भावाचा हिशेब. जुन्या गाडीची किंमत उरलेल्या वर्षांवर वाटून पाहायची. उदाहरणादाखल, जून २०१६ मध्ये नोंदलेली बीएस-४ डिझेल गाडी चार लाखांना पडली. नोंदणी जून २०३१ पर्यंत, म्हणजे साधारण पाच वर्षे. वर्षाला ८० हजार. २०३१ मध्ये तिचे नूतनीकरण केले, तपासणीत पास होण्यासाठी रंग, सस्पेन्शन, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे तोंड) वगैरे मिळून साठ हजार आणि शुल्क-कर धरून आणखी दहा हजार लागले, तर चार लाख सत्तर हजार भागिले दहा. वर्षाला ४७ हजार. दिल्लीच्या जुन्या नियमाने मोजले असते तर याच गाडीचे आयुष्य संपले असते आणि भंगाराचा भाव मिळाला असता. भंगाराच्या या भावापासून ४७ हजारांच्या हिशेबापर्यंत जे मोकळे मैदान आहे, त्यातच दलाल खेळतो.

नूतनीकरणाचा खर्च लोक वाढवूनही सांगतात आणि लपवूनही. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये आहे, आधी ते सहाशे होते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते दहा हजार केले. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी भरावा लागतो, तो डिझेलला पेट्रोलपेक्षा थोडा जास्त. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. उशीर झाला तर महिन्याला पाचशे रुपये जादा. चौदाव्या-पंधराव्या वर्षातली गाडी घेणार असाल तर नूतनीकरण विकणाऱ्याकडून करून घ्या किंवा त्याचा पूर्ण खर्च सौद्यातून वजा करा. ‘पास होऊन जाते, चिंता नका करू’ या बोलण्याला किंमत नाही.

डिझेल घ्यायचे की नाही, हा प्रश्न खरे तर धुराआधी धावण्याचा आहे. लिटरमागे पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरले, पेट्रोल गाडी १५ आणि डिझेल २० किलोमीटरचे ॲव्हरेज देते असे मानले, तर पेट्रोलला किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे आणि डिझेलला ४ रुपये ५५ पैसे पडतात. फरक २ रुपये ३८ पैशांचा. महिन्याला आठशे किलोमीटर चालवणाऱ्याची वर्षाची बचत सुमारे २३ हजार. एवढी रक्कम एका खराब नोझलच्या कामात निघून जाते. महिन्याला दीड हजार किलोमीटर असेल तर बचत ४३ हजारांच्या आसपास आणि मग जुन्या डिझेलला अर्थ आहे. नागपूर-चंद्रपूर, नागपूर-अमरावती असे नेमाने जाणारे लोक म्हणूनच या गाड्यांचे खरे गिऱ्हाईक. धरमपेठेतून सदरला आणि परत एवढ्यासाठी डिझेल घेणाऱ्याने ती घेऊच नये, विशेषतः बीएस-६. त्याचे कारण पुढे येते.

बीएस-३ आणि बीएस-४ गाड्यांत तपासायचे ते जुन्याच पद्धतीने. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेली गाडी पाहू नका. गरम झाल्यावर रेस द्या आणि मागे उभे राहा. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त जाते आहे : एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज, काजळीने भरलेला ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा वाल्व) किंवा गळके नोझल. होजचा तडा शेपाचशेचाही असू शकतो, नोझलचा संच पन्नास हजारांवर जातो, म्हणून काळ्या धुराला घाबरून गाडी सोडू नका आणि बेफिकिरीने घेऊही नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंटरकूलरचा पाइप काढून आत ऑइल साचले आहे का पाहा, बहुधा टर्बोचा सील किंवा रिंगा. गरम इंजिनला पांढरा धूर येत राहिला तर तो जास्त वाईट : न जळलेले डिझेल किंवा हेड गॅस्केटमधून जाणारे पाणी. ऑइलचे झाकण उघडून आयडलवर बॅक कंप्रेशन, म्हणजे इंजिनातून उलटी येणारी हवा, किती येते ते पाहा. झाकण उडत असेल तर इंजिन मोठ्या दुरुस्तीला आले आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बनवणे थांबवले, पण १२४८ सीसीच्या त्या इंजिनाचे पार्ट आणि ते जाणणारे हात अजून मुबलक आहेत. कमी खपलेल्या परदेशी कंपन्यांच्या डिझेलबाबत असे म्हणता येत नाही आणि तो फरक भावात धरावा.

पीयूसीचा कागद पाहून समाधान मानू नका. डिझेलची चाचणी फक्त धूर मोजते. गरम इंजिनावर पॅडल झटक्यात पूर्ण दाबून सोडायचे, असे अनेकदा करून वाचने एकमेकांच्या जवळ आली की सरासरी घ्यायची. नायट्रोजनचे ऑक्साइड या चाचणीत मोजले जातच नाहीत. त्यामुळे अनेक जुन्या गाड्यांत ईजीआरला पत्रा मारून तो बंद केलेला असतो. काजळी कमी होते, पिकअप सुधारल्यासारखा वाटतो, पीयूसीही निघते आणि हवेत जायचे ते विष वाढते. ज्या चाचणीत असा बदल पकडला जात नाही, तिच्या जोरावर गाडीला ‘स्वच्छ’ म्हणणे हा आमच्या मते सरकारी विनोद आहे.

बीएस-६ डिझेलची गोष्ट वेगळी आणि सगळ्यात कमी समजलेली. १ एप्रिल २०२० पासून हे मानक आले. मोटारींसाठी बीएस-४ च्या तुलनेत काजळीची मर्यादा किलोमीटरला ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ वर आणि नायट्रोजन ऑक्साइडची ०.२५ वरून ०.०८ वर आली. एवढी घट नुसत्या इंजिनच्या सेटिंगने होत नाही. म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी आली आणि अनेक गाड्यांत ॲडब्लू हे युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा आली. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीचा दुसरा टप्पा लागू झाला. त्या सुमारास होंडासारख्यांनी डिझेल सोडले आणि जे उरले त्यांतल्या बऱ्याच जणांनी ॲडब्लूची टाकी बसवली. जुन्या बाजारातल्या किमतीत यामुळे एक उलटी गंमत झाली आहे. नवीन डिझेलचे पर्याय कमी झाल्याने चांगल्या मोठ्या बीएस-६ एसयूव्हीला मागणी टिकून आहे, पण डीपीएफ बिघडलेली गाडी एका दुरुस्तीत लाखाच्या घरात खर्च करायला लावू शकते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात.

डीपीएफ काजळी साठवतो आणि ठराविक भार झाला की इंजिन जास्तीचे डिझेल देऊन धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. या जळणाला सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगात चालणे लागते. गाडी सीताबर्डीच्या गर्दीत अडकली, मधेच बंद केली, पुन्हा सुरू केली, असे रोज झाले की जळण अर्धवट राहते. जास्तीचे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून पाहा : ऑइलची पातळी कमाल खुणेच्या वर आणि डिझेलचा वास, म्हणजे ही गाडी शहरातल्या शहरात फिरलेली आहे. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंग आणि टर्बो खाते. वर्धा रोडने किंवा आउटर रिंग रोडने आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवलेली गाडी या बाबतीत नशीबवान. दुसरी चूक ऑइलची. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारे, सी-२ किंवा सी-३ दर्जाचे ऑइल लागते, नेमका दर्जा गाडीच्या पुस्तिकेत असतो. साधे डिझेल ऑइल टाकले की त्याची राख जाळीत साचते आणि ती कोणत्याही जळणाने जात नाही. काजळी जळते, राख जळत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. म्हणून सर्व्हिस बिलांवर ऑइलचा दर्जा लिहिलेला आहे का ते पाहावे. ‘बाहेरच करतो, स्वस्तात पडते’ असे म्हणणाऱ्याची बीएस-६ डिझेल जपूनच घ्यावी.

आणि मग ‘डिलीट’ नावाचा धंदा. जाळी भरली की काही जण डबा कापून आतली जाळी काढतात, पुन्हा वेल्ड मारतात आणि संगणकाला गप्प करतात. हे बेकायदा आहे आणि गाडीची किंमत खाणारे आहे, कारण पुढचा शहाणा गिऱ्हाईक ते शोधून काढेल. शोधायला तासही लागत नाही. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. जाळी शाबूत असलेल्या गाडीत बोट जवळपास कोरडे, फार तर राखाडी निघते. काळीकुट्ट काजळी लागली तर जाळी फुटली आहे किंवा नाहीच. गाडी वर घेऊन डब्यावर ताजे वेल्डिंग पाहा. किल्ली ऑन करून इंजिन सुरू न करता डॅशबोर्ड पाहा : चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जो लागतच नाही तो दबलेला दिवा आहे. शेवटी स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावा. डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक आयडलवर थोडा आणि रेस दिल्यावर जास्त दिसला पाहिजे. रिकाम्या डब्यात रेस देऊनही आकडा हलत नाही. आयडललाच खूप असेल तर जाळी तुंबली आहे. बिघाडाचे कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हाही आकडा स्कॅनर देतो. दाखवायला आणलेल्या गाडीत तो बारा-पंधरा निघाला, तर कोणीतरी सकाळीच चूक पुसली आहे.

ॲडब्लूबाबत नागपूरच्या उन्हाळ्याचा मुद्दा कंपनीच्या पुस्तिकेत ठळक लिहिलेला नसतो. हे ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध पाण्यातले द्रावण. ३० अंशांपर्यंतच्या साठवणीत ते सुमारे वर्षभर टिकते, ३५ अंशांना सहा महिने आणि त्यापुढे वेगाने बिघडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. रस्त्याकडेच्या दुकानात उन्हात ठेवलेला कॅन स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, तारीख पाहून सावलीतला सीलबंद घ्या. टाकीच्या झाकणाभोवती पांढरे खडे जमलेले दिसले तर यंत्रणा गळते किंवा दुर्लक्षित आहे. शेतातला युरिया पाण्यात घोळून टाकण्याचा प्रकार तर विदर्भात सुचणे स्वाभाविक, पण त्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि त्यातल्या अशुद्धी फवारणीचे तोंड आणि कॅटॅलिस्ट दोन्ही मारतात. टाकी रिकामी झाली की बऱ्याच गाड्या ठरावीक किलोमीटरनंतर पुन्हा सुरूच होत नाहीत. म्हणून चाचणीच्या दिवशी टाकीत किती आहे आणि डॅशबोर्डवर उलटी मोजणी चालू आहे का, हे पाहावे.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांबद्दल थोडेसे. तिथली २०१० नंतरची डिझेल बीएस-४ असते, म्हणून कागदावर ती आपल्या बीएस-३ पेक्षा चांगली दिसते. पण एनओसी म्हणजे फॉर्म २८ हातात असल्याशिवाय आणि ऑनलाइन नोंदीत गाडी रद्द झालेली नाही याची खात्री असल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका. इथे आणल्यावर फॉर्म २७ ने नवा नंबर, तपासणी आणि महाराष्ट्राचा कर. डिझेलचा एकरकमी कर इथे पेट्रोलपेक्षा जास्त दराने आहे : नव्या गाडीला दहा लाखांपर्यंत १३ टक्के, वीस लाखांपर्यंत १४. जुन्या आणलेल्या गाडीला तो वयानुसार कमी बसतो, पण बसतो. आधी आरटीओत आकडा काढून घ्या, मग दिल्लीचा भाव स्वस्त आहे की नाही ते ठरवा. डिसेंबरच्या आदेशानंतर दिल्लीतल्या बीएस-४ मालकाला घाईने विकायचे कारणही कमी झाले आहे. तरीही कोणी फारच स्वस्त देत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

कागदांत राज्यातल्या राज्यात फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायचे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट नसेल तर आरटीओतले काम अडते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी डीलरकडे सोडून देण्याची सवय मोडा. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला फॉर्म २९-सी ने गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन नोंद करता येते आणि तेव्हापासून जबाबदारी त्याची. तो फॉर्म भरायला का-कू करणारा डीलर तुमच्या जुन्या डिझेलचे पुढचे चलान तुमच्याच मोबाइलवर पाठवणार आहे.

डीलरच्या भावात जीएसटीही दडलेला असतो. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत डीलरला सर्व जुन्या गाड्यांच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या फरकावर, १८ टक्के लागतो. आधी लहान गाड्यांना १२ होता. दोन खासगी माणसांत व्यवहार झाला तर तो नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या लहान गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला, त्यात १५०० सीसीपर्यंतच्या चार मीटरच्या आतल्या डिझेलही आल्या. त्याने दोन-चार वर्षे जुन्या गाड्यांचे भाव खाली ओढले. ती घसरण कराची आहे, धुराची नाही, पण ‘डिझेल आहे म्हणून पडला भाव’ असे सांगून तीही डिझेलच्या माथी मारली जाते. कर्जाचेही तसेच. अनेक वित्तसंस्था कर्ज फिटेपर्यंत गाडीचे वय दहा-बारा वर्षांपुढे जाऊ देत नाहीत, म्हणून आठ वर्षांच्या गाडीला मोठी मुदत मिळत नाही आणि गिऱ्हाईक रोखवाल्यापुरते उरते. हे पेट्रोललाही लागू आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. शहर, पूर्व आणि ग्रामीण या तिन्ही आरटीओ कार्यालयांनी उत्सर्जन मानकाचा रिकामा रकाना फॉर्म २२ पाहून भरून देण्याची एक खिडकी ठेवावी, कारण आज त्यासाठी लोक दलालाकडेच जातात. जुन्या गाड्या विकणाऱ्या प्रत्येक दुकानात काचेवर किमतीसोबत बीएसचा आकडा आणि नोंदणी संपण्याची तारीख लिहिणे सक्तीचे करावे. आणि संपादक महोदय, दिल्लीच्या बंदीची बातमी छापताना ‘हा आदेश राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता आहे’ ही एक ओळ पहिल्या परिच्छेदात आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात होणारे काही सौदे तरी सरळ भावाने होतील.

आपले,
वाहन दुरुस्ती आणि मूल्यांकनाच्या कामातील काही वाचक,
नागपूर